बॅटरी तीसच्या खाली कशी गेली

येरवडा, पुणे
शुक्रवार, २३ जानेवारी

प्रिय मकबूल यास,

खर्रर्र... खर्रर्र... खर्रर्र... फट्!

ओळखलास आवाज? तुझ्या अब्बांचा टेंपो. सकाळी साडेसहाला नाना पेठेत अब्बा पुढे वाकून लोखंडी हँडल फिरवायचे, तिसऱ्या फेरीला टेंपो खोकायचा आणि चौथ्या फेरीला सबंध गल्लीला कळायचं, की आता शाळेला उशीर झाला. परवा पहाटे हा आवाज माझ्या कानात इतका स्पष्ट वाजला, की मी ताडकन उठून बसलो आणि डोकं गाडीच्या टपाला आपटलं. (पहाटे गाडीच्या टपाखाली मी काय करत होतो, ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे.) आवाज आधी लिहिला आणि सलाम मागे राहिला, याचा राग मानू नकोस. तुला सलाम, अख्तरबानू वहिनींना सलाम आणि जयभीम दोन्ही, लेक मेहनाजला आशीर्वाद. गुडघा कसा आहे? कानातलं यंत्र कानात असतं की डबीत? मागच्या वेळी फोनवर मी हिराच्या दाढदुखीचं सांगत होतो आणि तू "वा, वा, फार छान झालं" म्हणालास, त्यावरून डबीतच असावं. म्हणून फोन न करता लिहितो आहे. शिवाय मराठीच्या बाईंनी आठवीत "मित्रास पत्र लिहा" म्हणून सांगितलं होतं आणि "आता पुरे" असं काही त्या कधी म्हणाल्या नाहीत. आपण दोघंच उरलो आहोत त्या वर्गात अजून गृहपाठ करणारे.

तर, गाडी. अभय, सूनबाई आणि नात पूर्वा दोन वर्षांसाठी जर्मनीला गेले आणि विजेवर चालणारी गाडी माझ्याकडे राहिली, हे तुला ठाऊक आहे. दिवाळीत स्वारगेटच्या चौकात ती माझ्या हातून शून्यावर आली, मागे अकरा बस आणि एक बँडवाल्यांचा टेंपो उभा राहिला आणि शेवटी आमची गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून घरी आली, हेही तुला ठाऊक आहे. (बँडवाल्यांनी वेळ जावा म्हणून दोन गाणी वाजवली, ते मागच्या पत्रात लिहायचं राहिलं होतं.) त्या दिवसापासून अभयची एक अट आहे. बॅटरी तीस टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही. एकदा जरी गेली, तरी किल्ली यज्ञेश्वरकडे. यज्ञेश्वर म्हणजे त्याचा वारज्याचा मित्र. मुलगा सज्जन आहे, पण स्वतःची गाडी दात घासायच्या ब्रशने पुसतो. मला तो "काका, आपण आराम करा" असं अशा काही आवाजात म्हणतो, की मला तिथल्या तिथे पांघरूण घ्यावंसं वाटतं. आणि लबाडी करायची सोय नाही. गाडीत किती टक्के उरले आहेत ते तिकडे जर्मनीत अभयच्या मोबाइलवर दिसतं. सदतीस वर्षं मी लोकांच्या घरात शिरून मीटर वाचले. आता पोटचा मुलगा सात समुद्रांपलीकडून माझा वाचतो.

तू म्हणशील, जाऊ दे ना किल्ली. अरे, निवृत्त झाल्यापासून मी सोसायटीच्या बाकावरचा म्हातारा होतो. आठ महिने झाले, त्या बाकावर बसलो नाही. सकाळी खिशात हात घातला आणि किल्ली लागली, की आज कुठे जाता येईल असा प्रश्न पडतो. जातो फार लांब असं नाही, पुष्कळदा मंडईपर्यंतच. पण प्रश्न पडणं निराळं. बाकावर बसलं की एकच प्रश्न पडतो, जेवायला हाक कधी येईल.

असाच एक प्रश्न पूर्वाने डोक्यात घातला. तिकडचे लोक म्हणे विजेच्या गाडीतच रात्र काढतात. मागच्या सीट आडव्या करतात, खिडक्यांना पडदे लावतात, गाडीच्याच विजेवर चहा करतात आणि सकाळी तळ्याकाठी उठतात. "आजोबा, तुम्ही पण करून बघा ना, खूप भारी वाटतं," असं तिने बोलून पाठवलं. झालं. मला झोप येईना. इंजिन नाही, धूर नाही, आणि तरी गाडी रात्रभर आतली हवा गरम ठेवते, ती कशी? बाहेर थंडी वाढली हे तिला कोण सांगतं? आपण झोपल्यावर ती काय करते? गुरं रात्री बसल्या जागी श्वास सोडतात, तसं काही करते का? शाळेत आपण चांदण्या रात्रींच्या इतक्या कविता घोकल्या, पण चांदण्यात झोपलो किती वेळा? तू टेंपोच्या हौद्यात झोपायचास आणि सकाळी सांगायचास, की ताडपत्रीच्या भोकातून एक तारा दिसतो. मला साठ वर्षं त्या ताऱ्याचा हेवा वाटत आला आहे, हे आज कबूल करतो.

हिराला सांगितलं तेव्हा ती लसूण सोलत होती. म्हणाली, "घरात तीन खोल्या आहेत. त्यातली कुठली चावली तुम्हाला?" मी तळं, चांदणं वगैरे बोललो. ती म्हणाली, "येते मी. तुम्ही एकटे गेलात तर पेपरात तुमचा फोटो मला द्यावा लागेल, आणि तुमचा एक फोटो धड नाही." मग तिने तयारी केली. दोन गोधड्या, सतरंजी, चार उशा, भाताचा विजेचा कुकर, तांब्या, कापूर, अमृतांजन आणि एक काठी. (काठी कशाला, हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.) कुकर पुढच्या सीटवर ठेवला, तर गाडी टुंग टुंग करून बेल्ट लावा म्हणायला लागली. सीटवर वजन पडलं की तिला माणूस बसल्यासारखं वाटतं. पंधरा मिनिटं ती टुंगटुंग ऐकून हिराने कुकरला बेल्ट बांधला. मग गाडी गप्प. आम्ही दोघं आणि बेल्ट लावलेला कुकर असे मंगळवारी दुपारी चारला येरवड्याहून निघालो. निघताना आकडा होता चौसष्ट. (पूर्ण भरून का निघालो नाही, असं विचारशील. गाडी रात्री चार्ज करायची असते, आणि थंडीच्या रात्री सगळे गिझर लावतात, तेव्हा वीज ओढायला माझा हात धजत नाही. वीजखात्याची सवय.)

आता एक गोष्ट मन घट्ट करून वाच. आम्ही साताऱ्याच्या रस्त्याने खेड शिवापूरकडे आलो. म्हणजे तुझ्याच बाजूला. अभयला "मकबूलच्या बाजूला जातो" असंच सांगितलं होतं, त्यात खोटं काही नाही, बाजू तुझीच. पण तुम्ही राहता त्या मेहनाजच्या घराकडे वळायच्या फाट्यावर मी न वळता सरळ गेलो आणि पुढच्या एका गावाच्या तळ्याकाठी गाडी लावली. तुझ्या दारापासून तीन किलोमीटर. मी मोजले. तुझ्याकडे आलो असतो तर वहिनींनी बिर्याणी केली असती, तू गादी घातली असतीस, "गाडीत झोपतोस? माझ्या दारात?" म्हणून ओरडला असतास आणि प्रयोग तिथेच संपला असता. एवढाच विचार होता. गाडी उभी केली, हँडब्रेक लावला, आणि त्या शांततेत तुझ्या घराच्या दिशेला पाहिलं तेव्हा बरं वाटलं नाही. हिरा म्हणाली, "बघता काय तिकडे? जायचं होतं तर जायचं होतं."

सुरुवात फार छान झाली. गाडीच्या चार्जिंगच्या तोंडाला एक जोड लावला, की तिच्यातली वीज बाहेर घेता येते, घरातल्या प्लगसारखी. मला त्या जोडाचं इतकं अप्रूप, की मी तो तीन वेळा लावला आणि काढला. सदतीस वर्षं वीज फक्त खांबावरून घरात येताना पाहिली. कुठल्या वस्तूने ती परत दिलेली कधी पाहिली नव्हती. भात झाला. भाताला एक टक्का लागला. वांग्याची भाजी हिराने घरूनच आणली होती, ती कुकरमध्येच गरम केली, तिलाही जवळजवळ अर्धा. मी वहीत पाव-पाव तासाने आकडा लिहीत होतो. साडेसातला पन्नास. तळ्यावर बगळे येऊन बसले, पलीकडे गावातून गाण्यांचा आवाज येत होता आणि मला बाईंनी शिकवलेली ती तळ्याची कविता आठवायला लागली, जी म्हणताना तू "जल"च्या ऐवजी "चल" म्हणून पट्टी खाल्लीस. पहिली दोन कडवी आठवली. तिसरं येईना.

आठ वाजता गावातलं गाणं एका शब्दाच्या मधोमध तुटलं आणि सगळं गाव काळं झालं.

मकबूल, तू कधी खात्यात नव्हतास, तुला कळायचं नाही. वीज गेली, की माझा हात अजूनही तक्रारवहीकडे जातो. त्या काळ्या गावाच्या कडेला आमची एकटी गाडी आतून लख्ख उजळलेली, तिच्यात हिरा ताक पिते आहे. पाचच मिनिटांत हातातल्या बॅटऱ्या हलत हलत आमच्याकडे आल्या. पुढे होता मांडववाला भैरू, मफलर गुंडाळलेला. "आज्जा," तो म्हणाला, "समद्या गावाची गेली आन् तुमची कशी काय हाय?" त्याच्यामागून शाळेचे मुख्याध्यापक बापूराव आले. गाव शहराच्या इतकं जवळ असून त्यांचं मराठी क्रमिक पुस्तकासारखं शुद्ध. ते म्हणाले, साहेब क्षमा करा, शाळेचं स्नेहसंमेलन चालू आहे, दोनशे पालक बसले आहेत, मुलं रंग लावून उभी आहेत आणि डीपी जळाला. मी विचारलं, जनरेटर? भैरू पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "आणलाय की. डिझेल आणायचं ऱ्हायलं."

बापूरावांनी मग तो प्रश्न विचारला. "लाइट कधी येईल हो?" मी खात्यात होतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, अंधारात माणूस दिसेल त्याला हाच प्रश्न विचारतो. सदतीस वर्षं मी त्याला एकच उत्तर देत आलो. "येईल." लग्नघरी दिलं, दहावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी दिलं, एकदा तर मयताच्या घरी दिलं. त्या रात्री पहिल्यांदाच माझ्यापाशी दुसरं उत्तर होतं, आणि तेही एका तारेच्या टोकाला. मी हिराकडे पाहिलं. ती म्हणाली, "द्या. मुलं रंग लावून उभी आहेत. पण आकडा बघून द्या."

गाडी शाळेच्या मैदानात नेली. भैरूने तार जोडली आणि मंच उजळला. मकबूल, दोनशे माणसं एकदम "हेऽऽ" म्हणून ओरडली. लाइट आल्यावर लोक असे ओरडतात हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं, पण खांबावरच्या वायरमनसाठी, लांबून. माझ्यासाठी कोणी ओरडलं नव्हतं. मला पहिल्या रांगेत सरपंचांशेजारी बसवलं. भैरूला मी बजावलं होतं, मोठे दिवे चारच आणि स्पीकर दोनच. त्याने "व्हय, व्हय" म्हणून आठ आणि सहा लावले. तरी मी वही उघडी ठेवली होती. सव्वाआठला एकोणपन्नास. साडेआठला सत्तेचाळीस. पावणेनऊला पंचेचाळीस. हिशेब चोख होता. दहाला कार्यक्रम संपणार, म्हणजे पस्तीसच्या खाली जायचं काहीच कारण नव्हतं. हे सगळं मी अभयला शपथेवर सांगू शकतो.

मग बापूरावांनी माझा सत्कार करायचं काढलं. शाल, नारळ आणि "दोन शब्द". मी नको म्हणालो. (हिरा म्हणते, मी नको म्हणालो तेव्हा निम्मा मंचावर चढलो होतो.) माइक हातात आला. समोर मुलं, काही कोळी झालेली, काही मावळे, एक झाड झालेला मुलगा. आणि मी पाहतो तो आतापर्यंतच्या तेरा कार्यक्रमांत तेरा नाच. एकही कविता नाही. मी बापूरावांना माइकवरूनच विचारलं, की कविता नाही का? ते ओशाळून म्हणाले, हल्ली पालकांना आवडत नाही. तेव्हा मी म्हणालो, मग एक मी म्हणतो.

तीच म्हटली, तळ्याची. आधी ती कोणत्या बाईंनी शिकवली, वर्ग कुठल्या बाजूला होता, खिडकीतून काय दिसायचं, हे सांगितलं. (त्याला चौदा मिनिटं लागली, असं हिराचं म्हणणं.) पहिलं कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं, आणि मी तिसऱ्याच्या तोंडाशी थांबलो. कोरं. दोनशे माणसं बघताहेत आणि मी माइकमध्ये श्वास घेतो आहे. लांब गाडीपाशी हिरा उभी राहून मला तीन बोटं दाखवत होती. मला वाटलं, तिसरं कडवं म्हणा असं ती सुचवते आहे. मी मान डोलावून तिचे आभार मानले. तिने कपाळावर हात मारला.

आणि मग मंचाच्या बाजूने, जिथे मुलांच्या खिचडीची पातेली होती, तिथून एक आवाज आला. पदर खोचलेली, हातात झारा, केस पांढरे. मुक्ताई तिचं नाव, शाळेत स्वयंपाक करते. तिने तिसरं कडवं म्हटलं. माइक नाही, काही नाही. चालीत म्हटलं, आपली चाल. चौथीतून शाळा सुटली होती तिची, म्हणाली, पण पुस्तक भावाला दिलं तेव्हा आधी सगळं पाठ करून घेतलं, परत मिळायचं नाही म्हणून. मी खाली उतरून तिला माइक दिला. आता सांग, या माणसाने वहीत आकडे लिहायचे होते का?

त्यानंतर कोणी कोणाचं ऐकेना. एक टोपीवाले म्हातारे उठले आणि त्यांनी बैलावरची कविता म्हटली. सरपंचांच्या आईने फुलपाखरावरची म्हटली आणि हातांनी फुलपाखरूही केलं. एका आजोबांना अर्धीच येत होती, उरलेली त्यांच्या व्याह्यांनी पूर्ण केली, आणि म्हणे त्या दोघांचं चार वर्षं बोलणं नव्हतं. झाड झालेला मुलगा उभ्या उभ्या झोपला. भैरू येऊन दोनदा "आज्जा, कोळी खोळंबल्यात" म्हणून गेला. मी म्हणालो, कोळ्यांना भरती-ओहोटीची सवय असते, थांबतील. मग राहिलेले नाच झाले, मग बक्षिसं, मग राष्ट्रगीत. बारा वाजले. माझ्या वहीत पावणेनऊनंतर एकही नोंद नाही. सदतीस वर्षांत एक मीटर मी न वाचता सोडला नव्हता, कुत्रं अंगावर आलं तरी. त्या रात्री तीन तास सोडला.

आकडा पाहिला तेव्हा एकोणीस होता. हिरा म्हणाली, "तीन बोटं दाखवली, ती तीसची आठवण होती." आणि गोधड्या झटकायला लागली. मग म्हणाली, "ती बाई म्हणाली मात्र छान."

झोपायचं वर्णन लांबवत नाही. सीट आडव्या केल्या, की मध्ये चार बोटं उंचीचा एक उंचवटा राहतो आणि तो बरोबर कमरेखाली येतो. हिराने तिथे गोधडीची घडी घातली, मग उंचवटा पाठीखाली आला. पण आत ऊब होती, बाहेर दव, काचेवर धुकं, आणि गाडी मधूनच एक बारीक "टिक्" करायची आणि पंखा आपोआप फिरून थांबायचा. ती झोपत नाही, मकबूल. रात्रभर कूस बदलत असते, आपल्यासारखीच. तीनच्या सुमाराला मी जरा बाहेर गेलो आणि सवयीने किल्लीचं बटण दाबून गाडीला कुलूप लावलं. हिराने आत कूस बदलली. गाडीला वाटलं चोर शिरला. तिने जो भोंगा सुरू केला, तो मला वाटतं तुलाही यंत्राशिवाय ऐकू आला असेल. अर्धं गाव काठ्या घेऊन धावलं. हिरा काच खाली करून, हातात आपली काठी घेऊन म्हणाली, "झोपले होते. चोरी नव्हते करत." लोक हसत परत गेले. काठी कशाला आणली, ते मला तेव्हा कळलं असं मी तिला म्हणालो, त्यावर ती म्हणाली, "ती तुमच्यासाठी आणली होती."

सकाळी आकडा सतरा. मुक्ताईने भाकरी आणि ठेचा आणून दिला, बापूरावांनी बोरं दिली आणि भैरूने गाडीला नमस्कार केला. हायवेवरच्या हॉटेलात दीड तास गाडी चार्जिंगला लावून आम्ही घरी आलो. घरात पाय ठेवतो तोच अभयचा फोन. तिकडे पहाटेचे सहा, पोरगं झोपलं नव्हतं. "बाबा, सतरा? गाडी तर रात्रभर एका जागी उभी होती. सतरा कसे झाले?" आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि ती रागापेक्षा वाईट. मी जे होतं ते त्याच्या कानावर घातलं. त्यामुळे मनावर कसलं ओझं नाही. किल्ली जायची तर जाईल. मी फक्त तुला सगळं कळावं म्हणून लिहिलं. तुझ्याकडून काही नको.

वहिनींना पुन्हा सलाम. गुडघ्याला जप. यंत्र कानात घाल.

तुझा,
दशरथ

ता. क. १. झोप छान लागली, असं मी वर कुठे सूचित केलं असेल तर ते खरं नाही. हिरा छान झोपली. मी पुढच्या सीटवर कुकर मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि पहाटे जरा आडवा झालो तेवढ्यात अब्बांच्या टेंपोने उठवलं.

ता. क. २. "जे होतं ते कानावर घातलं" हे वाक्य पुन्हा वाचलं, ते जरा मोकळं झालं आहे. सविस्तर असं: मी अभयला सांगितलं, की मेहनाजकडे मुक्कामाला होतो, आठ वाजता तुमची लाइट गेली, तुझा श्वासाचा त्रास वाढला, वाफारा घ्यायचं यंत्र चालेना, म्हणून रात्री बारापर्यंत गाडीतून तुझ्या घराला वीज दिली. माणसाच्या श्वासापुढे तीस टक्के काय, असंही म्हणालो. त्याला भरून आलं. "मकबूलकाकांसाठी केलंत ना, मग काही हरकत नाही," म्हणाला. खरं का नाही सांगितलं? म्हाताऱ्यासाठी वीज दिली तर माणुसकी, आणि कवितेसाठी दिली तर म्हातारचळ, असं होईल म्हणून. आता पंचाईत एवढीच, की तुझी तब्येत विचारायला तो रविवारी अकरा वाजता तुला फोन करणार आहे. त्याच दिवशी पाचला यज्ञेश्वर इकडे येणार आहे. अभयची खात्री पटली तर चहा पिऊन जाईल, नाही तर किल्ली घेऊन. तेव्हा रविवारी अकराला यंत्र कानात घालून बस, दोन-तीनदा खोक, आणि मंगळवारी आठ ते बारा लाइट नव्हती म्हण. बाकी काही बोलू नकोस, तुला खोटं जमत नाही. हे पत्र उद्या सकाळी कुरिअरने टाकतो, म्हणजे संध्याकाळपर्यंत पोचेल. हिराला यातलं काही माहीत नाही. किल्ली खिशात आहे, लिहिता लिहिता चाचपून पाहिली.

ता. क. ३. बेल वाजली. या वेळी कोणी यायचं नाही. यज्ञेश्वर दोन दिवस आधीच आला असावा, त्याला वक्तशीरपणाची हौस आहे. हिरा दार उघडते आहे. मी लिहितच राहतो, म्हणजे कामात आहे असं दिसेल.

यज्ञेश्वर नाही. तू आहेस.

तू उंबऱ्यात उभा आहेस, एक हात चौकटीवर, आणि सबंध जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात हिराला सांगतो आहेस, की अभयला रविवारपर्यंत दम निघाला नाही, काल रात्रीच त्याचा फोन आला. विचारत होता, काका, श्वास कसा आहे, लाइट आली का? आणि तू म्हणालास, की आमच्या छपरावर मेहनाजने सोलर बसवलंय, आमची लाइट जाईलच कशी? आणि दशरथ इकडे आलाच कधी? हिराने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आहे. मी कागदाकडे पाहतो आहे. आता तू सांगतो आहेस, की अभयने ते तुझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाला, काका, तुमच्या दोघांत खरं बोलणारे तुम्ही एकटेच, यज्ञेश्वर राहू दे, किल्ली तुम्हीच ठेवा. म्हणून तू दोन बस बदलून किल्ली न्यायला आला आहेस. हिराने तुला पाणी दिलं आणि तुझ्या कानाशी वाकून गॅदरिंगचं सगळं सांगितलं, मुक्ताईसकट. मी लिहायचं थांबलो नाही. खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. तू ती उचललीस, खिशात घातलीस, गुडघा धरून खुर्चीत बसलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "तीन किलोमीटरवरून परत गेलास. चल, आता घरी सोड मला. गुडघ्याने परत बस चढवणार नाही. आणि आज गाडी माझ्या दारात उभी राहील, मी पण झोपणार आहे तिच्यात."

हिरा गोधड्या काढते आहे. बॅटरी ब्याऐंशी आहे, मी आत्ताच पाहिली. पत्र संपवतो, कारण उरलेलं सगळं तुला तोंडावर सांगावं लागणार, आणि तू यंत्र कानात घातलं आहेस.